मदत हवी आहे: रिसीला पोलंडकडून जावं की स्लोव्हाकियाकडून? (तातडीने)

क्राकूफकर
नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी उंच तात्रा डोंगररांगेतलं रिसी शिखर करायचं ठरवलंय, पोलंड-स्लोव्हाकियाच्या सीमेवरचं. दोन वाटा दिसतात. एक पोलंडकडून, मोर्स्क्ये ओको तळ्यावरून. दुसरी स्लोव्हाकियाकडून, पोप्रादस्के प्लेसो तळ्यावरून. कोणी म्हणतं पोलिश बाजूला धरून चढायच्या साखळ्याच साखळ्या आहेत, कोणी म्हणतं स्लोव्हाक बाजू म्हणजे बागेतला फेरफटका. ऑफिसातल्या पोलिश मित्राला विचारलं तर तो नुसता हसला.

आम्ही दोघं आहोत. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड-तोरणा सगळं झालेलं आहे, तेव्हा 'झेपेल का' हे कृपया विचारू नका. फक्त बाजू सांगा. गाडी आज बुक करायची आहे.

सह्यभटका
स्लोव्हाक बाजू. डोळे मिटून. मी गेल्या ऑगस्टमध्ये केलंय. श्त्र्ब्स्के प्लेसोपर्यंत (हे नाव धड उच्चारता आलं की निम्मा ट्रेक झाला समजा) दातेरी रुळांवरची छोटी आगगाडी येते. तिथून सव्वा तासात पोप्रादस्के प्लेसो, १४९४ मीटर. मग वर चढत बेडकांची तळी, त्यानंतर साखळ्या आणि लोखंडी पायऱ्यांचा छोटासा टप्पा. हरिहर गडाच्या पायऱ्या उतरलेल्या माणसाला त्याचं काही नाही. २२५० मीटरवर खाता पोद रिस्मी हे विश्रामगृह. तिथला सगळा शिधा हमाल पाठीवर वाहून नेतात, बोजा डोक्याच्या वर हातभर आलेला असतो. आपण आठ किलोची सॅक घेऊन धापा टाकत असतो आणि ते शांतपणे ओलांडून जातात. लाज वाटते. वर लसणाचं सूप घ्या. पुढे खिंड आणि तासाभरात माथा.

पोलिश बाजूला साखळ्यांपाशी रांग लागते. एक माणूस अडकला की मागचे पन्नास अडकले.

प्राजक्ता वि.
मी व्रोत्स्वाफला असते, पोलिश बाजूने दोनदा गेलेय. आधी दोन प्रश्न. पुढचा शनिवार म्हणजे येता की त्याच्या पुढचा? आणि पायात काय घालणार?

सनीवेलचा_सदा
नशीब काढलंत, तुम्हाला परमिट लागत नाही. आमच्याकडे माउंट व्हिटनीला (कॅलिफोर्नियात, १४,५०५ फूट, तोही तात्रासारखा ग्रॅनाइटचाच, वाटेत लोन पाइन लेक आणि कन्सल्टेशन लेक) उन्हाळ्यात एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं तरी लॉटरी. फेब्रुवारीत अर्ज भरायचा आणि देव पाण्यात ठेवायचे. तीन वर्षं भरतोय. वरची ती नव्याण्णव वळणं माझ्या नशिबात दिसत नाहीत.

क्राकूफकर
सदाभाऊ, वाईट वाटलं, पण माझा प्रश्न तो नाही.
प्राजक्ता, येता शनिवार, ७ जून. बूट नेहमीचेच, ॲक्शनचे ट्रेकिंगवाले. याचा बाजूशी काय संबंध?

प्राजक्ता वि.
सगळा संबंध आहे. स्लोव्हाक बाजूची वरची वाट १ नोव्हेंबर ते १५ जून बंद असते. आठवडाभरासाठी चुकलात. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडरनेच देऊन टाकलं.

आता पोलिश बाजू. ती वाट बंद नसते, पण ७ जूनला ती उन्हाळी वाट नसते. चार्नी स्तावच्या (काळं तळं, १५८३ मीटर) वर बुला नावाचा खांदा आहे, त्याच्या पुढे उत्तरेकडे तोंड करून घळ चढते. तिथे ऊन कमी, बर्फ जूनमध्ये बऱ्याचदा असतो आणि सकाळी तो काचेसारखा कडक असतो. साखळ्या काही ठिकाणी बर्फाखाली असतात. बुटाला क्रॅम्पॉन (बांधायचे लोखंडी काटे), हातात आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड), डोक्यावर हेल्मेट आणि ते वापरायची सवय, हे चारही नसेल तर तळ्यापासून परत फिरायचं. घसरलात तर थांबवायला वाटेत काही नाही, खाली धोंड्यांचा उतार आणि मग तळं. तुमचा पोलिश मित्र का हसला ते कळलं असेल.

सह्यभटका
अहो पण वाट 'बंद' म्हणजे कागदावर. एक आठवडा इकडे तिकडे. पहाटे निघालं तर कोण बघतंय?

प्राजक्ता वि.
दंड होतो ही गोष्ट बाजूला ठेवा. स्लोव्हाकियात डोंगरातून सोडवून आणल्याचं बिल येतं, विमा नसेल तर खिशातून. बंद वाटेवर पडलात तर विमेवाले काय म्हणतील याचा विचार करा. पोलंडमध्ये टोपरवाले (१९०९ पासूनची बचाव संघटना) पैसे घेत नाहीत, म्हणून मुद्दाम पडायचं असं नाही. दोन्ही नंबर फोनमध्ये घाला: पोलंड ९८५, स्लोव्हाकिया १८३००.

आणि ऑगस्टमध्ये केलेल्या ट्रेकवरून जूनचा सल्ला देऊ नका हो.

सह्यभटका
मी सल्ला दिला तेव्हा यांनी महिना सांगितला नव्हता. माझी चूक कशी?

बंडूकाका
एवढी विमानाची तिकिटं काढून परदेशात तळी बघायची! आपलं काश्मीर ग्रेट लेक्स केलंत का? सोनमर्गहून निघायचं, विशनसर, किशनसर, गडसर, शेवटी गंगाबल. पाणी असं निळं की बास.

प्राजक्ता वि.
काका, ते क्राकूफलाच राहतात. झाकोपाने, म्हणजे तात्राच्या पायथ्याचं गाव, त्यांना बसने दोन-अडीच तास.

अवांतरवीर
अवांतर: १८९९ मध्ये मारी क्युरी आणि पिएर क्युरी रिसीवर गेले होते. लेनिनही गेला होता म्हणतात. त्या काळचे बूट आणि त्या बाईंचा झगा डोळ्यांसमोर आणा आणि मग क्रॅम्पॉनच्या गप्पा मारा.

प्राजक्ता वि.
मारीबाई उन्हाळ्यात गेल्या होत्या.

दगडफोड्या
एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. कळसूबाईचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. थर असल्यामुळे चढ, मग सपाटी, मग पुन्हा कातळकडा, असं चालतं. दम खायला जागा मिळते. तात्राचा ग्रॅनाइट ३० कोटी वर्षांहून जुना, जमिनीखाली हळूहळू थंड झालेला, म्हणून त्यात स्फटिक डोळ्यांना दिसतात आणि पृष्ठभाग खरखरीत असतो. कोरडा असेल तर बूट छान धरतो. पण तो सांध्यांवर, म्हणजे भेगांवर, फुटतो, त्यामुळे मोठमोठे धोंडे आणि एकसलग चढ.

तळी ही हिमनदीची करणी. मोर्स्क्ये ओको (१३९५ मीटर, खोली ५० मीटरच्या आसपास) हिमनदीने आणून टाकलेल्या राडारोड्याच्या बांधामागे साठलंय. त्याच्या डोक्यावरचं काळं तळं कातळातच कोरलेल्या वाडग्यात आहे, त्याची खोली ७६ मीटर. आपल्याकडे हिमनद्याच नव्हत्या, म्हणून गडावर माणसाने खोदलेली टाकी.

क्राकूफकर
दगडफोड्याजी, माहिती उत्तम, पण मी अडकलोय कुठे ते बघा. मला शनिवारीच जायचंय. तारीख हलत नाही. १२ तारखेला बाबा परत जाणार.

प्राजक्ता वि.
बाबा? 'आम्ही दोघं' म्हणजे तुम्ही आणि वडील?

क्राकूफकर
हो. लिहिलं नव्हतं का? वय ६६. पण ते माझ्यापेक्षा काटक आहेत. अलंग-मदन-कुलंग तरुणपणी केलंय त्यांनी, तेही आत्तासारखे दोर-बीर नसताना. डाव्या गुडघ्याचा थोडा त्रास आहे, उतरताना. पोलंडचं सर्वांत उंच टोक बघायचं त्यांनीच काढलं.

सह्यभटका
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं राव. माझा सल्ला मागे. मोर्स्क्ये ओकोपासून माथा ११०० मीटर वर आहे, आणि तेवढंच उतरायचं. गाडीतळापासून जाऊन-येऊन अकरा-बारा तास. उतरताना दुखणारा गुडघा असेल तर बर्फ नसतानाही नको.

प्राजक्ता वि.
+१. आमचं एकमत झालं, तारीख लिहून ठेवा.

सनीवेलचा_सदा
मग स्लोव्हाकियातलं लोम्नित्स्की श्तित शिखर! २६३४ मीटर, म्हणजे रिसीपेक्षा उंच, आणि केबल कारने जाता येतं. १७५१ मीटरवर स्काल्नाते प्लेसो हे तळं लागतं, तिथून छोटा पाळणा थेट माथ्यावर. वर ५० मिनिटं थांबू देतात. आई-बाबांना घेऊन गेलो होतो, दोघं खूश. महाग आहे, आणि वाऱ्यामुळे बंद ठेवतात कधीकधी, आधी बघून घ्या.

क्राकूफकर
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पाळण्यात बसायचं तर जत्रेत बसतो."

शाकाहारी_वाघ
एक महत्त्वाचं. झाकोपानेत धुरावलेलं मेंढीचं चीज मिळतं, ओस्त्सिपेक, क्रॅनबेरीच्या जॅमबरोबर गरमगरम देतात. त्यात रेनेट असतं, म्हणजे वासराच्या जठरातलं. काटेकोर शाकाहारी असाल तर टाळा. 'प्येरोगी रुस्क्ये' म्हणजे बटाटा-चीजच्या करंज्या चालतील, पण 'बेझ स्क्वारेक' सांगायला विसरू नका, नाहीतर वर डुकराच्या चरबीचे तुकडे येतात.

अवांतरवीर
आमच्या घरी अमूल चीजवरून हाच वाद झाला होता, सासूबाई विरुद्ध...

प्राजक्ता वि.
चीजचा वेगळा धागा काढा.

क्राकूफकर, माझं ऐका. मोर्स्क्ये ओको आणि तिथून वर काळं तळं, एवढंच ठेवा. पालेनित्साच्या गाडीतळाची जागा ऑनलाइन आधी घ्यावी लागते, नाहीतर झाकोपानेहून मिनीबस. तिथून तळ्यापर्यंत आठ-नऊ किलोमीटर डांबरी रस्ता. घोडागाड्या असतात, पण त्या तळ्याच्या आधीच सोडतात, आणि घोड्यांच्या हालावरून तिथे वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. मी कधी बसत नाही. काळ्या तळ्यापर्यंत दगडी पायऱ्या, पाऊण-एक तास. गुडघ्यासाठी दोन काठ्या घ्या. आकाशात ढग जमायला लागले की काहीही असो, खाली. २२ ऑगस्ट २०१९ ला शेजारच्या ग्येवोन्त शिखरावर वीज पडली तेव्हा साखळ्या धरलेली माणसं होरपळली होती, पोलंडमध्ये चार जण गेले. सकाळी आभाळ निळं होतं.

क्राकूफकर
म्हणजे रिसी रद्दच? एवढं साधं उत्तर होतं तर पहिल्याच प्रतिसादात का नाही सांगितलं कोणी?

सह्यभटका
😶

बंडूकाका
काश्मीरला जुलैत या. वडिलांनाही आणा. घोडे मिळतात.

क्राकूफकर (दहा दिवसांनी)
जाऊन आलो. डांबरी रस्त्यावर बाबा पहिला तासभर कुरकुरत होते: "हा ट्रेक आहे की लॉ कॉलेज रोड?" घोडागाडीला नाही म्हणाले. मोर्स्क्ये ओकोच्या विश्रामगृहात सफरचंदाचा केक खाल्ला, मग मूड आला.

काळ्या तळ्याच्या कडेला अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. पायऱ्यांवर बाबा माझ्या पुढे. ग्रॅनाइटवर तळपाय घासून बघत होते, म्हणाले, हा दगड बूट सोडतच नाही, आपला पावसाळ्यात साबणासारखा असतो. तळ्याच्या काठावर बसून वर पाहिलं तर बुलाच्या पुढे सगळी घळ पांढरी. दोन-तीन ठिपके आइस ॲक्स घेऊन चढत होते. एक पोरगा साध्या बुटांत वर गेला होता म्हणे, तो आमच्या समोर उतरून आला. दोन्ही तळवे सोललेले, पॅंट मागून फाटलेली, हसत होता पण हात थरथरत होते. बाबांनी त्याला आपल्याजवळची बँडेजपट्टी दिली.

मग अर्धा तास ते घळीकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखीच दिसते."

उतरताना गुडघा दुखलाच. काठ्यांनी वाचवलं. प्राजक्ता, आभार. काल बाबा पोचले पुण्याला. सप्टेंबरमध्ये मी एकटा जाईन म्हणतोय, तेव्हा बाजू विचारायला येईन.

सह्यभटका
स्लोव्हाक.

प्राजक्ता वि.
पोलिश.

दगडफोड्या
बाबांना ग्रॅनाइट आवडला हे वाचून बरं वाटलं. राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून दगड उचलायला मनाई असते. त्यांनी खिशात काही आणलं नाही ना?

क्राकूफकर
फोन केला. म्हणाले, "छोटासाच आहे."