'इसेन्शियल ऑइल'ला मराठीत काय म्हणायचं? 'आवश्यक तेल' तर नक्कीच नको

केळीवाला_रावेर
मंडळी, एक शब्द हवाय. बायकोने डिफ्युझर (खोलीत वास पसरवायचं यंत्र) आणला, त्यासोबत पुदिन्याच्या तेलाची १० मिलीची बाटली आली, वर मराठीत छापलंय 'पेपरमिंट आवश्यक तेल'. आमच्या अण्णांनी वाचलं 'तेल', त्यात परत 'आवश्यक', मग काय, तळहातावर ओतून खोबरेल चोपडतात तसं टाळूवर चोपडलं. पाच मिनिटांत डोक्याची नुसती आग आग, मी घाबरून वरून बादलीभर पाणी ओतलं तर ते कपाळावरून अजूनच डोळ्यांत उतरलं. शेवटी शेजारच्या ताईंनी डोक्याला खोबरेल लावून ते पुसून काढलं, मग साबणाने धुतलं, डोळे मात्र नुसत्या पाण्याने कितीतरी वेळ धूत बसलो. अण्णा आता बरे आहेत पण माझ्यावर रागावलेत, म्हणतात 'लिहिलं तेल अन् निघालं तिखट'. तर याला खरा शब्द काय?

धुळेकर_अक्का
अण्णांचं चुकलं नाही भाऊ, छापणाऱ्याचं चुकलं. त्यातलं 'इसेन्शियल' म्हणजे जरुरी नव्हे, ते 'एसेन्स'वरून आलंय, म्हणजे वनस्पतीचं सार, सत्त्व. पॅरासेल्सस नावाचा १६व्या शतकातला वैद्य 'क्विंटा एसेन्शिया' म्हणजे पाचवं सत्त्व म्हणायचा, तिथली ही पैदास. कुणीतरी डिक्शनरीत पहिला अर्थ बघितला आणि डकवला. शास्त्राच्या पुस्तकात 'बाष्पनशील तेल' असतं, पण ते घरात कोण म्हणणार, जीभ अडकते.

चोपडा_चिवडा
सरळ 'अर्क' म्हणा ना. निलगिरीचा अर्क, लवंगेचा अर्क. अरबीत 'अरक' म्हणजे घाम, भट्टीत वाफ थंड होऊन थेंब थेंब गळतो तो. किती चपखल!

धुळेकर_अक्का
चपखल आहे म्हणूनच भीती वाटते. आपल्याकडे अर्क पितात हो. पोट दुखलं की ओव्याचा अर्क चमचाभर पाण्यात. उद्या कुणी निलगिरीचा 'अर्क' चमच्याने पोराला दिला तर? ते तेल लहान मुलाच्या पोटात थोडंसं जरी गेलं तरी झटके येऊ शकतात. गेलंच तर उलटी काढायला जायचं नाही, बाटली घेऊन थेट दवाखाना. 'तेल' म्हटलं तर चोपडतात, 'अर्क' म्हटलं तर पितात, दोन्हीकडून मरण.

केळीवाला_रावेर
मग 'अत्तर'?

चोपडा_चिवडा
अत्तर कानात फाया घालून लावतात, त्यात परंपरेने चंदनाच्या तेलाचा बेस असतो, ते अंगालाच लावायचं. लोक हेही तसंच लावतील, नको.

सातपुडा_पायवाट
जरा आडवाटेला नेतो. आपल्या खान्देशाला ही वस्तू नवी नाही. रोशा गवत माहितीये का, सातपुड्याच्या उतारावर असतं, चुरगळलं की गुलाबासारखा वास. नंदुरबार, पिंपळनेरकडे त्याच्या भट्ट्या लागायच्या, तेल मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्राकडे आणि पुढे तुर्कस्तानात जायचं, तिथे ते गुलाबाच्या महाग अत्तरात भेसळीला वापरायचे. त्याला नाव पडलं 'टर्किश जिरेनियम', गवत आपलं नि नाव तुर्कांचं! या गवताच्या मोतिया जातीचं तेल आजही पामारोजा म्हणून विकतात. माझी आजी ते सांधेदुखीला लावायची पण कधी नुसतं नाही, वाटीभर तिळाच्या तेलात मोजून थेंब. म्हणायची, 'हाई तेल नुसतं लावानं नही'.

धुळेकर_अक्का
आजीला नमस्कार! 'तेल' शब्दच मुळात तिळावरून आलाय, म्हणजे आजीच्या वाटीतलं ते खरं तेल आणि थेंब ते पाहुणे. हिशोब म्हणाल तर ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात साधारण ६ थेंब म्हणजे एक टक्का, नवख्याने तेवढ्यावरच थांबावं, तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघून. पाण्यात टाकून आंघोळ अजिबात नको, ते विरघळत नाही, वर तरंगतं आणि नेमकं अंगाला चिकटतं.

केळीवाला_रावेर
आणि डिफ्युझर?

धुळेकर_अक्का
खिडकी उघडी ठेवून अर्धा-पाऊण तास, मग बंद. दमेकरी, तान्हं बाळ, गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टर. मांजर असेल तर त्या खोलीत लावूच नका, मांजरीला ते पचत नाही. आणि लिंबाचं (आंबट लिंबू, कडुलिंब नव्हे) तेल अंगाला लावून आपल्या मे महिन्याच्या उन्हात निघालात तर कातडीवर चट्टे उठतील.

चोपडा_चिवडा
शब्द राहिला की हो!

सातपुडा_पायवाट
कापराच्या डबीत लवंग का टाकतात? कापूर उडू नये म्हणून. मग हे 'उडतं तेल'. कागदावर शेंगदाण्याचा थेंब टाका, दिवसभर डाग राहतो, पुदिन्याचा टाका, बहुतेक उडून जातं. शिवाय 'उडतं' म्हटलं की माणूस पेट्रोलसारखं जपतो, झाकण घट्ट लावतो, गॅसजवळ ठेवत नाही.

केळीवाला_रावेर
हे झकास. बाटलीवर चिठ्ठी डकवली, 'उडतं तेल, नुसतं लावू नये, पिऊ नये', आणि बाटली ठेवली कपाटात एकदम वर. अण्णांनी वाचली, म्हणे 'उडतं तर उडू दे, मला काय'.