मदत हवी आहे: आजोबांच्या नावावरचं गावातलं घर विकायचंय, आपला वेगळा वकील लागतो का?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी आबादीत जुनं कवेलूचं घर आहे. बाबा मागच्या वर्षी गेले, आई आता माझ्याजवळ अमरावतीला असते. यंदाच्या पावसात मागची भिंत बसली. गावातलेच एक जण घर घ्यायला तयार आहेत. पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून आजोबांचंच नाव आहे. ते १९९१ मध्ये वारले, आजी त्यांच्या आधीच. मुलं तीन: मोठे बाबा (तेही आता नाहीत), माझे बाबा आणि आत्या.

घेणारे म्हणतात, ‘५०० च्या स्टँपवर लिहू, नोटरी करू, माझा वकील सगळं पाहून घेते.’ इसाराचे १ लाख रोख घेऊन ते परवा घरी येणार आहेत. आई म्हणते, घरटॅक्स इतकी वर्षं आपणच भरला, मग अडचण कशाची? मला मात्र झोप लागत नाही. वकील नेमकं काय करून देतो?

प्रतिसाद १ (तालुक्याला वकिली करतो)
भाऊ, परवाचा इसार आधी थांबवा. त्यांचा वकील त्यांचं हित पाहणार, तुमचं नाही. १०० रुपयांवरच्या किमतीचं घर नोंदणीकृत खरेदीखताशिवाय विकलं जात नाही. नोटरीच्या कागदावर तुम्ही पैसे घेतले आणि उद्या आत्याबाईंनी दावा टाकला, तर कोर्टात तुम्हीच उभे राहाल.

नमुना ८ हे कर आकारणीचं रजिस्टर आहे, मालकीचा पुरावा नाही. गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर सनद किंवा आखीव पत्रिका (जागा कुणाच्या नावावर आहे हे दाखवणारे सरकारी कागद) निघाली का, ते पाहा.

खरी गाठ वारसांची आहे. घर आजोबांचं स्वतःचं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिन्ही मुलांचा सारखा हिस्सा. आत्याबाईंचं लग्न कधी झालं याने फरक पडत नाही. मोठ्या बाबांच्या हिश्शात मोठी आई आणि त्यांची मुलं, तुमच्या बाबांच्या हिश्शात आई आणि तुम्ही भावंडं. एक तर सगळ्यांनी खरेदीखतावर सह्या करायच्या, नाही तर ज्यांना हिस्सा नको त्यांचं हक्कसोडपत्र करायचं. तेही नोंदणी केलेलंच हवं, साध्या कागदावरची संमती कामाची नाही.

तुमचा वकील वारसांची यादी पक्की करेल, दुय्यम निबंधक कार्यालयात जुने दस्त शोधेल, इसारपत्रात पैशांची मुदत बांधेल आणि खरेदीखतात चतुःसीमा (घराच्या चारही बाजूंच्या हद्दी) प्रत्यक्ष जागेशी जुळवेल. गावात भांडणं बहुधा चतुःसीमेवरूनच होतात. आणि इसार २०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीने घेऊ नका, आयकर कायद्यात मनाई आहे.

प्रतिसाद २
दादा, फीची काळजी असेल तर आईंना घेऊन तालुका विधी सेवा समितीत जा. बाईमाणसाला तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. आणि वकिलाचा कागद जायच्या आधी आत्याबाईंना तुम्ही स्वतः फोन करा. आमच्याकडे नोटीस आधी गेली. आत्या सही द्यायला तयार होती, पण मन दुखलं ते दुखलंच.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. आत्याला रात्रीच फोन केला. सही देतो म्हणाली, पण विकायच्या आधी एकदा त्या घरी मुक्काम करायचा आहे तिला. पोळ्याला घेऊन जातो. घेणाऱ्यांनाही तोवर थांबा म्हणून सांगितलं. एकच राहिलं: चुलतभाऊ सुरतला असतो, त्याला सुटी नाही. त्याचं काय करायचं?

प्रतिसाद १
त्याला सुरतच्याच निबंधक कार्यालयात जाऊन मुख्त्यारपत्र (आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) करू द्या. मसुदा मात्र तुमच्या वकिलाकडून घ्या, त्यात घर क्रमांक आणि चतुःसीमा आलीच पाहिजे.