सर्वांत जुनी आणि सर्वांत खोल भुयारी रेल्वे

प्रश्न: विजेची गाडी येण्याआधी लंडनची भुयारी रेल्वे कशी चालत असे? आणि सर्वांत खोल स्थानक कोणते?

प्रतिसाद १: १० जानेवारी १८६३ रोजी खुल्या झालेल्या त्या मार्गावर वाफेची इंजिने धावत. वापरलेली वाफ इंजिनावरील टाक्यांतल्या पाण्यात सोडून थंडावली जात असली, तरी धूर उरतच असे. म्हणून मार्गाचे काही भाग वरून उघडे ठेवावे लागले. १८९० मध्ये विजेची गाडी आली, तेव्हा कुठे खोल बोगदे व्यवहार्य ठरले.

प्रतिसाद २: खोलीचा मान दीर्घकाळ कीव्हच्या आर्सेनाल्ना स्थानकाकडे होता (१९६०, सुमारे १०५ मीटर). गंमत म्हणजे ते टेकडीच्या पोटात असल्याने पुढचेच स्थानक थेट जमिनीवर, नीपर नदीकाठी येते.

प्रतिसाद ३: स्थानकांच्या संख्येत मात्र न्यूयॉर्क पुढे, ४७० हून अधिक.