इंग्रजीवाल्या देशात राहून दुसरी भाषा कशाला शिकायची? बडोदेकर मराठी मंडळींनो, आपापले अनुभव लिहा

सुरसागरकाठची
काल बर्मिंगहॅमहून भाचीचा फोन होता. पोरगा नववीत, दहावी-अकरावीचे विषय निवडायचेत आणि त्यानं फ्रेंच सोडलं. तिकडे इंग्लंडात २००४ पासून चौदाव्या वर्षानंतर परकी भाषा सक्तीची नाहीच. भाची म्हणे, "आत्या, इंग्रजी येतंय ने, जग तेच बोलतं, मग बाकीच्यांचं काय करायचं?" मी फोनवर काही बोलले नाही पण रात्रभर डोक्यात लेस्टरच.

इंग्लंडातल्या लेस्टर शहरात बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तेव्हा मी तिकडे राहिले होते. हॉस्पिटलात तिच्या शेजारच्या खाटेवर एक गुजराती बा, म्हणजे आजी. १९७२ ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं तिथल्या भारतीयांना हाकललं तेव्हा कंपालाहून आलेलं कुटुंब, सगळं आयुष्य बेलग्रेव्ह रोडच्या गुजराती वस्तीत गेलेलं, इंग्रजी हाय-बायपुरतं. डॉक्टर आले की सूनबाई दुभाषी, आणि सुनेसमोर बा तोंडच उघडायच्या नाहीत. "सारूं छे, सारूं छे" (बरं आहे) एवढंच. एका रात्री ड्युटीवर गोरी नर्स, नाकावर सगळे तीळ तीळ, ती खाटेच्या कडेला बसली आणि मोडक्या गुजरातीत विचारलं, "बा, दवा केम नथी लेता?" (औषध का घेत नाही?) कारण उशीखाली कॅप्सूल सापडल्या होत्या, पेपर नॅपकिनमध्ये नीट पुडी बांधून ठेवलेल्या. बांनी मग सगळं सांगितलं. कॅप्सूलचं वेष्टण जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावराचं, कुणीतरी देवळात सांगितलं होतं, आणि ह्या कट्टर वैष्णव. दुसऱ्या दिवशी औषध बदलून पातळ मिळालं. टेलिफोनवरचा दुभाषी तिथे मिळतो, फुकट मिळतो, पण उशीखाली काय आहे ते बा टेलिफोनला नसत्या सांगत.

त्या नर्सला कुणी सक्ती केली नव्हती. वॉर्डात अर्ध्या बाया गुजराती म्हणून शिकत गेली. माझं स्पष्ट मत आहे, तिकडच्यांनी शिकावं, थोडं का होईना. तुमच्या घरातलं कोण ना कोण बाहेर आहेच, लिहा.

मांजलपूरची मेघा
ताई कॅप्सूल वाचून सासूबाई आठवल्या, त्याही उघडून पावडर मधात घालून घ्यायच्या. सगळ्या नाही हं चालत तशा उघडून, डॉक्टरांना विचारा. कुकर लावलाय, नंतर येते.

प्रतापनगर ते जर्सी सिटी
मी फार्मसीत काम करते त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या पोळीभाजीचा. आमच्या काउंटरला स्पॅनिश बोलणारी माणसं इतकी येतात की विचारू नका, अख्ख्या अमेरिकेत घरात स्पॅनिश बोलणारे ४ कोटींच्या वर आहेत. माझ्याबरोबरचा एक अमेरिकन पोरगा, आयरिश घरातला, त्यानं शाळेत घेतलेलं स्पॅनिश सोडलं नाही. एकदा एक तरुण आई आली, कडेवर तापलेलं बाळ, अँटिबायोटिक द्यायचं होतं ५ मिली. मी इंग्रजीत समजावलं, ती येस येस म्हणत मान हलवत होती, मी पिशवी बंद पण करत होते. हा पोरगा मधे आला, सिरिंज तिच्या हातात दिली आणि तिच्या भाषेत म्हणाला, कशी देणार ते मला करून दाखव. तिनं दांडा ओढला तो थेट १० च्या रेघेपर्यंत. त्यानं ५ वर रंगीत टेपची पट्टी चिकटवली, तिच्याकडून परत करून घेतलं, मगच सोडलं.

मान हलवणं म्हणजे समजलं असं नसतं हे मी तेव्हापासून धरून चालते. आता मीही शिकतेय, डबा खाताना फोनवर. बाय द वे कॅलिफोर्नियात २०११ पासून दोन भाषा नीट येणाऱ्या मुलांना बारावीच्या डिप्लोम्यावर वेगळा शिक्का मिळतो, नंतर बाकीच्या राज्यांनीही उचललं ते. हे मला फार आवडलं.

हरणी रोड हेमंत
सगळ्यांचा मान ठेवून वेगळं लिहितो. मी इंग्लंडात रेडिंग शहरात बरीच वर्षं काढली, ऑफिसात पोलिश, ग्रीक, तमिळ सगळे होते आणि मीटिंग इंग्रजीतच. नेमकी कोणती भाषा शिकवणार सांगा ना? आपल्याला शाळेत ठरलेलं असतं, मराठी गुजराती हिंदी इंग्रजी, रस्त्यावर लागतातच. तिकडच्या पोराला फ्रेंच कुठे लागतं? पाच वर्षं शिकून दुकानात ब्रेड मागता येत नाही असे कलीग पाहिलेत मी. त्यापेक्षा गणित शिकू दे.

सुरसागरकाठची
हेमंतभाई, ब्रेड मागता येत नाही हा शिकवण्यातला दोष झाला ने. आपणही गुजराती पुस्तकातून नाही शिकलो, शेजारच्या ओट्यावर शिकलो. माझं म्हणणं एवढंच, जी भाषा आपल्या गल्लीत, आपल्या वॉर्डात आहे ती शिका. लेस्टरला गुजराती, जर्सीला स्पॅनिश. गल्लीत कुणी बोलत नसताना फ्रेंचच धरून बसलं की मग असं होतं. आणि आताशा तिकडची मुलंही वळतायत बरं का, २०१९ मध्ये ए लेव्हलला, म्हणजे तिकडच्या बारावीला, स्पॅनिशनं फ्रेंचला मागे टाकलं.

हरणी रोड हेमंत
गल्लीतली भाषा म्हणत असाल तर मान्य. सक्तीला माझा अजूनही विरोध.

मांजलपूरची मेघा
आले परत. विषय सोडून विचारते, सॉरी. यूकेला कुरिअरनं लीलो चेवडो जातो का? दीर मागतोय, वास नाही ना मारणार पोचेपर्यंत?

कार्डिफवाला
मेघाताई, लीलो नका पाठवू, ओला असतो, बुरशी धरतो. कोरडी भाकरवडी पाठवा.

आता माझं. सगळे लंडन लंडन करतात, मी राहतो त्या वेल्सचं कुणी बोलत नाही. इथे रस्त्यावर पाट्या दोन भाषांत, वेल्श भाषा शाळेत सोळा वर्षांपर्यंत सगळ्यांना. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.८ टक्के निघाले, आधीपेक्षा कमी, तरी सरकारनं २०५० पर्यंत दहा लाखांचं लक्ष्य धरलंय. माझी मुलगी वेल्श माध्यमात आहे. घरात मराठी, आजीशी गुजराती-मराठी मिक्स, शाळेत वेल्श, आणि इंग्रजी तर हवेतूनच येतं. पालकसभेत तिच्या वर्गातले निम्मे आईबाप इंग्रजीच बोलणारे, स्वतःला वेल्श येत नाही, पण मुलांना मुद्दाम घातलंय कारण त्यांच्या आजीपाशी होती ती भाषा आणि मधल्या पिढीत गेली. एक बाप तर रात्री मुलाबरोबर बसून त्याचाच गृहपाठ शिकतो. मला बघून भरून येतं हो. आपले बडोद्याचे लोक "घरात पण इंग्रजीच बोला" म्हणतात तेव्हा मला राग येतो, खरंच राग येतो.

निझामपुरा माहेर
कार्डिफदादा +१. माझी ताई मेलबर्नला. भाचीला शाळेत इटालियन आलं तेव्हा घरात सगळे नाराज, म्हणे इटालियन कशाला, त्यापेक्षा हिंदी तरी द्यायचं. शेजारी एक इटालियन आजी, पन्नासच्या दशकात बोटीनं आलेली, अंगणात टोमॅटो, अंजीर. तिला विस्मरणाचा आजार झाला आणि हळूहळू इंग्रजी गळून गेलं, लहानपणची भाषा तेवढी राहिली. अशा आजारात पुष्कळदा होतं म्हणे असं. सख्खा नातू इटालियन बोलत नाही, तो नुसता हात धरून बसायचा. भाची शाळेतून आली की कुंपणापाशी जायची, शाळेतलंच बोलायची, रंग, आकडे, आज काय खाल्लं, बस. आजी चूक काढायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. पुढे तो नातू पण क्लासला जायला लागला. ताई आता इटालियन कशाला म्हणत नाही.

दांडिया बाजारातले आजोबा
मंडळी, एक आठवण करून देतो. आपले सयाजीराव महाराज १८७५ मध्ये कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे, अक्षरओळख जवळपास नाही. त्यांना मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकवल्या. राजा मराठी, प्रजा गुजराती, आणि राजानं प्रजेची भाषा शिकली. १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं तेव्हा गुजराती मुलं गुजरातीतच शिकली. ज्याच्या हातात सत्ता त्यानं आधी शिकायचं. आज जगात सत्ता इंग्रजीच्या हातात आहे, म्हणून इंग्रजीवाल्यांनीच जास्त शिकलं पाहिजे असं मला वाटतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, टायपिंग नातवाचं आहे.

मांजलपूरची मेघा
आजोबा तब्येत सांभाळा, स्क्रीन कमी बघा. कार्डिफदादा थँक्यू, भाकरवडीच घेते.

फतेगंज टू मॉन्ट्रियल
आजोबा, अगदी पटलं. कॅनडात हेच झालं की. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळ सेंट लँबर्टला इंग्रजी घरातल्या आयांनीच धरून लावलं की आमच्या मुलांना पहिल्यापासून सगळं फ्रेंचमधून शिकवा, आजूबाजूला फ्रेंच लोक आणि आपली मुलं त्यांच्याशी बोलू शकत नाहीत हे त्यांना खटकत होतं. तिथून इमर्शन शाळा देशभर गेल्या, १९६९ ला दोन्ही भाषा अधिकृत झाल्या. आणि आपल्याकडच्या पोरांसाठी कामाची गोष्ट, २०२३ पासून पीआरला (कायम राहण्याच्या परवान्याला) फ्रेंच येणाऱ्यांचे वेगळे ड्रॉ, म्हणजे निवडीच्या फेऱ्या, निघतात, कमी स्कोअरवर लागतं. नुसतं इंग्रजीच्या परीक्षेचं आयएल्ट्स आयएल्ट्स करत बसू नका.

हरणी रोड हेमंत
हे माहीत नव्हतं. पुतणीचं चाललंय कॅनडाचं. बडोद्यात फ्रेंच शिकवतात का कुठे, का ऑनलाइनच करायचं?

फतेगंज टू मॉन्ट्रियल
ऑनलाइन चालेल, पण रोज समोर बोलणारं माणूस पाहिजे. फ्रेंचची परीक्षा टीईएफ किंवा टीसीएफ कॅनडा, बोलण्याचाही पेपर असतो. मेसेज टाका, मी रविवारी तिच्याशी तासभर बोलत जाईन.