पॅकिंगच्या टेबलाचा पसारा आवरत नाहीये, मदत हवी आहे

मग_मेणबत्ती:
लोकहो, वैतागलोय. घरूनच ऑनलाइन विकतो, पॅकिंगला एक टेबल आहे. पिकअपची वेळ झाली की नेमकी कात्री गायब, टेपचं टोक सापडत नाही आणि हवा तो बॉक्स ढिगात सगळ्यात खाली. रॅक आणलं तर आता रॅकवरपण पसारा. दुसरं कुठलं रॅक घेऊ तेवढं सांगा, आणि प्लीज 'रोज आवरत जा' असले सल्ले नकोत.

निवांत:
विकता काय, ऑर्डर किती, बॉक्स किती मापांचे? काहीच न सांगता रॅक कसं सुचवणार?

मग_मेणबत्ती:
आयडीत लिहिलंय की राव, कॉफीचे मग आणि मेणबत्त्या. ऑर्डर कधी चार कधी तीस. मापं असतील नऊ-दहा.

टेपबहाद्दर:
नऊ-दहा!! तिथेच घोळ आहे. चार ठेवा, बाकीची बंद करा. घडीचे बॉक्स एकावर एक रचू नका, कपाटातल्या पुस्तकांसारखे उभे लावा, मधलं माप ओढलं तरी बाकीचे हलत नाहीत. जमिनीवर मात्र नको, ओल धरली की पुठ्ठ्यात जीव राहत नाही. बबल रॅपचा रोल टेबलाच्या कडेला पाइपमध्ये ओवा, टेपला डिस्पेन्सर घ्या म्हणजे टोक शोधणं संपलं, आणि कात्री सरळ दोरीने टेबलाला बांधा, मी बांधलीय, घरातले हसतात पण कात्री जागेवर असते.

कोपरखळी:
मापं कमी करताना जपून, छोटी वस्तू मोठ्या बॉक्सात गेली की कुरियरचा खर्च वाढतो. बरेच कुरियरवाले लांबी × रुंदी × उंची सेंमीत घेऊन ५००० ने भागतात आणि खरं वजन कमी असलं तरी येणारा आकडाच किलोत वजन म्हणून धरतात. ३०×२५×२० चा बॉक्स म्हणजे ३ किलो, आत एकच मग का असेना.

टेपबहाद्दर:
मी एकच माप ठेवा म्हणालो का? नीट वाचत जा.

कोपरखळी:
तुम्ही चार म्हणालात, कुठली चार ते कोण ठरवणार? आधी मागच्या ऑर्डरी बघून जास्त लागणारी मापं काढायला नकोत का?

स्वप्नाळू:
प्रॉडक्टचे फोटो खिडकीच्या उजेडात काढा, विक्री वाढते. स्वानुभव.

निवांत:
त्यांना आहेत त्या ऑर्डरी झेपेनात, तुम्ही वाढवताय कुठे 😄 बरं, लेबलं कधी काढता?

मग_मेणबत्ती:
सगळी एकदम प्रिंट करून कापून ठेवतो, मग पॅकिंग. परवा दोन पार्सलांची लेबलं अदलाबदल झाली, पण तो विषय वेगळा.

निवांत:
वेगळा कसा? सुट्या लेबलांचा गठ्ठा टेबलावर असला की हे होणारच. ऑर्डरगणिक एक ट्रे करा, त्यात वस्तू आणि तिचंच लेबल. एक बॉक्स बंद करून लेबल चिकटवल्याशिवाय दुसऱ्या ट्रेला हात लावायचा नाही.

टेपबहाद्दर:
थर्मल प्रिंटर घ्या, तो उष्णतेने छापतो, १००×१५० मिमीचं लेबल एकेक करून निघतं, शाई नको, कापणं नको.

कोपरखळी:
आणि जास्त तापलं की तेच लेबल काळं पडतं, तेही सांगा. बारकोडवरून टेप मारू नका, चकाकीने स्कॅन अडतं.

निवांत:
टेबलाचा एक फोटो टाका बघू.

मग_मेणबत्ती:
टाकला.

निवांत:
डावीकडे ते फाडलेले खोके कसले?

मग_मेणबत्ती:
रिटर्न आलेत. बघायला वेळच मिळाला नाही.

निवांत:
अहो अर्धं टेबल रिटर्ननेच अडवलंय! ते आधी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवा. दोन क्रेट, एकात परत विकण्याजोगं, दुसऱ्यात फुटकं. आलं की त्याच दिवशी उघडून बघायचं. नवीन रॅक आणलंत तर त्यावरही रिटर्नच चढतील.

मग_मेणबत्ती:
पटलं. ते बॉक्स परत वापरले तर चालतात ना?

कोपरखळी:
कोपरे दबलेले नसतील तर चालतात. जुनं लेबल पूर्ण सोलून काढा, नुसती काट मारू नका, मशीन जुनाच बारकोड वाचतं.

टेपबहाद्दर:
कॉफी मग वगैरे फुटणाऱ्या वस्तूंना जुना बॉक्स अजिबात वापरू नये.

कोपरखळी:
झालं यांचं परत सुरू.

मग_मेणबत्ती:
पिकअपवाला आलाय, रात्री बघतो. तोवर भांडू नका.