जात्याविना ओवी का आठवत नाही?

कऱ्हाकाठ : माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. लग्नानंतर पंधरा-वीस वर्षे त्या रोज पहाटे जात्यावर दळत असत. गावात पिठाची गिरणी आली आणि ते थांबले. गेल्या महिन्यात त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित कराव्यात म्हणून मी फोन समोर ठेवला, तेव्हा दोन ओव्या म्हणून त्या थबकल्या आणि ‘हात रिकामे असले की पुढचं सुचत नाही’ एवढेच म्हणाल्या. मला आवडणारी गाणी मी कुठेही गुणगुणू शकते. मग इतकी वर्षे सोबत केलेले गाणे त्यांच्या ओठांवरून असे कसे निसटले? काम गेले की त्याचे गाणेही जाते, असे मानावे का?

माणदेशी : ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण आपण लाक्षणिक अर्थाने वापरतो, पण ती मुळात शब्दशः खरी आहे. लहानपणी मी आई आणि चुलती यांना समोरासमोर बसून दळताना पाहिले आहे. दोघींचा एकेक हात खुंट्यावर असे. एकीने ओळ उचलली की दुसरी तिच्यात सूर मिसळत असे, आणि मूठभर वैरण, म्हणजे दळायचे धान्य, जात्यात घालताना फेरा किंचित मंदावला की तेवढ्या अवकाशात पुढची ओळ जुळत असे. ओवी त्यांनी पाठ केलेली नव्हतीच. चाल आणि ‘पहिली माझी ओवी’ यांसारखी सुरुवात परंपरेची, पण त्यात येणारा भाऊ, लेक आणि गाव त्यांचे स्वतःचे. आपण गाणे ऐकून आवडीचे करतो. त्यांनी आपले गाणे रोज नव्याने घडवले. त्यामुळे सासूबाईंची स्मृती क्षीण झाली आहे, असे कृपया समजू नका.

पाऊलवाट : वरील मताशी मी सहमत आहे, परंतु सगळे श्रेय लयीला देणे मला पुरेसे वाटत नाही. ज्या घरात सुनेला वर मान करून बोलण्याची मुभा नव्हती, तिथे सासुरवासाचे दुःख, माहेरची ओढ आणि पंढरीची आस ती पहाटेच्या अंधारात, सगळ्यांच्या कानांवर पडेल अशा आवाजात गात होती आणि तिला कोणी अडवत नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर बायकांनी रचलेल्या ओव्याही आहेत. स्वाभिमानाचा नवा विचार त्यांनी त्याच जुन्या चालीत स्वतःच्या तोंडाने उच्चारला. ज्या गोष्टी बोलता येत नव्हत्या त्या गाता गाता बोलण्याचे बळ आले, हे मी माझ्या आजीच्या बाबतीत जवळून अनुभवले आहे.

हळदकुंकू : काम संपले तरी गाणे पूर्ण संपत नाही. आमच्याकडे लग्नाची हळद अजूनही जात्यावर दळतात आणि त्या वेळी एरवी गप्प असणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा गाऊ लागतात. माझी विनंती अशी की फोन बाजूला ठेवून जात्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने त्याचे दगड पुन्हा खरबरीत करून घ्या, पसाभर ज्वारी काढा आणि खुंट्याला दुसरा हात तुम्ही लावा.

कऱ्हाकाठ : आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. जाते गोठ्याच्या भिंतीशी पडून आहे, हे सासूबाईंनीच दाखवले. खुंटा मात्र कुजला आहे. तो बाभळीचाच हवा, असे त्यांनी सुताराला बजावून सांगितले आहे.