टोमॅटोसाठी ११ लाखांची कॅम्पर की आईसाठी ३० लाखांची व्ही-क्रॉस?

माळशेजचा वारा (धागाकर्ता):
राम राम मंडळी. जुन्नर तालुक्यात ६ एकर शेती, टोमॅटो आणि कांदा. जुनी पिकअप गेल्या महिन्यात विकली. आता डबल कॅबिन (पुढे-मागे दोन रांगा सीट आणि मागे मालाचा हौदा) घ्यायचीय, कारण घरात दुसरी गाडी नाही. हंगामात आठवड्यातून तीनदा नारायणगाव बाजारात माल आणि महिन्यातून दोनदा आईला गुडघ्यासाठी पुण्याला, अशी दोन्ही कामं एकाच गाडीवर आहेत. महिंद्रा बोलेरो कॅम्पर साधारण ११ लाखांना पडते, इसुझू व्ही-क्रॉस ऑन रोड ३० च्या घरात. टोयोटा हायलक्स नुसती बघून आलो, किंमत ऐकून चहा प्यायलो आणि निघालो. धाकटा भाऊ व्ही-क्रॉससाठी हटून बसलाय, माझा कल कॅम्परकडे. कुठे चुकतोय सांगा.

कॅरेटवाला:
कुठेच चुकत नाहीस भावा. एक कॅरेट म्हणजे २० किलो माल, वर कॅरेटचं वजन. ४० कॅरेट भरले की ८०० किलोच्या पुढे गेलास. कॅम्पर साधारण टनाची गाडी आहे, तेवढ्याला ती कुरकुरत नाही. आता शोरूममध्ये जाऊन नव्या व्ही-क्रॉसचं मंजूर वजन विचार. मॉडेलनुसार अडीचशे किलोच्या आतबाहेर. म्हणजे ३० लाखांत १२ कॅरेट! उरलेले २८ काय भावाच्या डोक्यावर ठेवणार?

घाटराजा:
मी व्ही-क्रॉस चालवतो, म्हणून सांगतो. कॅरेट मोजणाऱ्यांनी एकदा कॅम्परच्या मागच्या सीटवर बसून चाकणच्या ट्रॅफिकमधून पुणं गाठावं. पाठ ताठ, मागे एक टन पेलणाऱ्या कडक स्प्रिंगा, म्हणजे पाटे, आणि हौदा रिकामा असला की प्रत्येक खड्डा मणक्यात मोजायचा. गुडघा दुखणाऱ्या माणसाला तिथं चढवायचं? ताकदीचं तर बोलूच नका. कॅम्पर ७५ एचपी, ओढ (टॉर्क) २०० एनएम. व्ही-क्रॉस १६३ आणि ३६०. माळशेज चढताना पुढच्या ट्रकला ओलांडायचं की त्याचा धूर खात बसायचं, एवढाच फरक. वरच्या मॉडेलला ६ एअरबॅग आहेत. कागदावरचं वजन कागदावर, चेसिस दणकट आहे.

कॅरेटवाला:
"कागदावरचं वजन कागदावर" हे अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला ऐकव. तो कागदच बघतो.

घाटराजा:
बरं, हे मान्य. जास्त भरू नये. पण मग त्याने ठरवावं की गाडी टोमॅटोसाठी आहे की आईसाठी.

शिवारातली सून:
हेच तर तो विचारतोय ना दादा, दोन्हीसाठी. मी हिशेब वेगळा मांडते. १५ लाख कर्ज, साडेनऊ टक्के, ५ वर्षं, हप्ता साधारण ३१,५००. आता हा हप्ता रुपयांत नको, कॅरेटमध्ये मोजा. २०० रुपये कॅरेट भाव असेल तर महिन्याला १५७ कॅरेट नुसत्या हप्त्याला गेले. तोडणी, औषध, हमाली सगळं बाजूलाच. २०२३ च्या जुलैत आमच्या भागात कॅरेट २ हजारांच्या वर गेलं, तेव्हा कित्येकांनी शोरूम गाठली. सप्टेंबरात भाव असा पडला की तोडणीचा खर्च निघेना. हप्त्याला मात्र जुलै-सप्टेंबर कळत नाही. आमच्याच घरात ही चूक झालीय, म्हणून लिहितेय. गाडीचं नाव सांगत नाही, गाडीचा दोष नव्हता. कॅम्परला ५ लाख कर्ज काढलं तर हप्ता साडेदहा हजार. मंदीतही झोप लागते.

पांढरी पाटी:
एक मुद्दा कुणी काढत नाहीये. कॅम्पर खासगी पांढऱ्या पाटीऐवजी माल वाहन म्हणून पिवळ्या पाटीवर घेतली तर आरटीओची फिटनेस तपासणी आली. नव्या गाडीला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. वर वेग ८० वर अडवणारा गव्हर्नर. आणि पिवळी पाटी म्हणजे ट्रान्सपोर्टचं लायसन पण काढावं लागेल.

कॅरेटवाला:
शेवटचं चुकीचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिलाय: साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. फिटनेसचं बरोबर आहे, पण दोन वर्षांतून एक दिवस जातो त्यासाठी कोण १९ लाख जास्त मोजतं? आणि ८० च्या पुढे टोमॅटो नेऊन कुणाचं भलं झालंय?

घाटराजा:
पाटीवरून आठवलं, टोलचं मी सांगतो, आमच्या बाजूच्या विरुद्ध असलं तरी. माझी पाटी पांढरी, तरी एका नाक्यावर पोराने "ही पिकअप आहे" म्हणून हलक्या मालवाहू गाडीचा टोल मागितला. आरसी दाखवून वीस मिनिटं भांडलो. मागून हॉर्न. बायको म्हणाली, देऊन टाका की. नाही दिला. तेव्हा पांढरी पाटी म्हणजे सगळी सुटका असं समजू नका.

फाट्यावरचा मिस्त्री:
माझं हे कामच आहे. महिंद्राच्या या इंजिनाला हात लावणारा माणूस प्रत्येक फाट्यावर सापडतो. पाटा तुटला, दुपारी बदलून संध्याकाळी गाडी बाजारात. इसुझूचं इंजिन उत्तम आहे, तक्रार नाही, पण काही बिघडलं तर पुण्याला न्या, आणि पार्ट येईपर्यंत थांबा. तोडणीच्या दिवसांत गाडी चार दिवस उभी राहिली तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. आणि व्ही-क्रॉस ५.३ मीटर लांब आहे. तुमच्या आळीत वळते का ते आधी दोरी लावून मोजा. एकाने न मोजता आणली, वर्षभर देवळापुढे लावतो.

पांढरी पाटी:
तिसरा मार्ग. जुनी सिंगल कॅबिन पिकअप ४-५ लाखांत आणि आईसाठी जुनी एखादी हॅचबॅक ४ लाखांत. कॅम्परपेक्षाही कमी पैसे, दोन्ही कामं नीट.

शिवारातली सून:
दोन विमे, दोन बॅटऱ्या, दोन जोड टायर. आणि गाड्या दोन असल्या तरी घरात ड्रायव्हर एकच. तरी माझं मत विचाराल तर कॅम्परनंतर हाच पर्याय बरा.

घाटराजा:
मी माघार घेत नाही. पाच माणसांना रात्री अकराला पुण्याहून आणायचं असेल तर मी कॅम्परमध्ये बसणार नाही. कर्ज काढूच नका, थांबा, दोन हंगाम जाऊ द्या, मग व्ही-क्रॉस घ्या.

माळशेजचा वारा:
दोन हंगाम माल भाड्याच्या गाडीने नेला तर ते भाडंच हप्त्याएवढं होईल, भाऊ. वजनाचा आणि हप्त्याचा मुद्दा पटला, १५७ कॅरेट भावालाही वाचून दाखवले. तो गप्प आहे, पटल्यामुळे की रागाने ते कळत नाही. मागच्या सीटचं मात्र घाटराजांचं म्हणणं डोक्यातून जात नाही. चुलत्यांच्या मेव्हण्याकडे कॅम्पर आहे. उद्या मागे मापाची दोन पोती ठेवून आईला ओतूरपर्यंत नेऊन आणतो. चढताना तिला हात द्यावा लागला तर पांढऱ्या पाटीवाल्यांच्या हॅचबॅकचा विचार करतो. तोवर कुणाकडे बरी जुनी सिंगल कॅबिन असेल तर कळवा.